भिंत कुणाची, आणि आधी बोलायचं कुणी?

आमच्या पाचोडच्या घराची एक भिंत अर्धी आमची आहे. अर्धी म्हणजे नेमकी कुठपर्यंत, हे आजोबांच्या काळापासून कुणी मोजलं नव्हतं. पलीकडे नानांचं घर. नाना आमच्या नात्यातले नाहीत, पण आजी त्यांच्या आईला जाऊबाई म्हणायची आणि आम्ही पोरं चप्पल काढून थेट त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत जायचो. भिंतीच्या अलीकडे आमची चूल, पलीकडे त्यांचं देवघर. हिवाळ्यात आमच्या चुलीने भिंत तापायची आणि नानांची आई पलीकडून तिला पाठ टेकून बसायची.

नानांच्या मुलाने जुनं माळवद पाडून स्लॅबचं घर बांधायचं ठरवलं. एका सकाळी मिस्त्री आला, दोन मजूर आले, आणि त्यांनी पहारीने भिंतीच्या वरच्या थरातले चार दगड काढले. आमच्या बाजूला मातीचा लोट खाली आला, थेट चुलीवरच्या पातेल्यात. वडील बाहेर जाऊन म्हणाले, "अरे, भिंत आमची पण आहे." तो शांतपणे म्हणाला, "काका, मी माझी अर्धीच पाडतोय."

काम तिथेच थांबलं. पुढचे तीन महिने दोन घरांमधलं बोलणंही थांबलं.

त्या वेळी मला ते उत्तर उद्धट वाटलं होतं. नंतर विचार करताना लक्षात आलं की तो उद्धट नव्हता. तो अगदी तर्काने बोलत होता. जे माझं आहे त्याचं मी काहीही करीन, ही मालकीची आपली रोजची समजूत आहे. अर्धं शेत माझं असेल तर मी त्यात मोसंबी लावीन, अर्धी भाकरी माझी असेल तर ती मी खाईन. मग अर्धी भिंत माझी असेल तर ती मी का पाडू नये? या प्रश्नाला "असं बरं दिसत नाही" एवढं उत्तर पुरत नाही. त्याचं म्हणणं चूक असेल तर नेमकं कुठे चूक आहे, ते सांगता आलं पाहिजे.

कागदावरची भिंत

वाद झाला की पहिल्यांदा कागद शोधला जातो. शेताचा सातबारा असतो, पण जुन्या गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंद. घरपट्टी कोण भरतो हे त्यावरून कळतं, भिंत कुणाची हे कळत नाही. आमच्या जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली आहे आणि पश्चिमेला फक्त "अमुक यांचे घर" एवढंच आहे. दोन घरांच्या मधे दोन हात रुंदीचं काहीतरी उभं आहे, याची कागदाला दखलच नाही.

आता स्वामित्व योजना आली आहे. २४ एप्रिल २०२० रोजी ती देशभरासाठी जाहीर झाली. त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात महाराष्ट्राने गावठाण ड्रोनने मोजण्याचा प्रयोग केला होता. गावात आधी चुन्याने हद्दी आखतात, मग ड्रोन उडतो, नकाशा तयार होतो आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. हे मोठं काम आहे, कारण ज्या घराला कागद नाही त्यावर बँक कर्ज देत नाही. पण ड्रोन आकाशातून बघतो. त्याला छप्पर दिसतं. दोन माळवदं एकमेकांना चिकटलेली असतील तर चुन्याची रेघ कुठून ओढायची, हे जमिनीवरच्या माणसांनाच ठरवावं लागतं. म्हणजे यंत्र कितीही उंच गेलं तरी प्रश्न खालीच, दोन शेजाऱ्यांच्या मधे उभा राहतो.

ही अडचण आजची नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरांच्या वादांवर एक मोठा भाग आहे. दोन घरांत किती अंतर असावं, सांडपाणी कुठून न्यावं, वळचणी एकमेकींपासून किती दूर असाव्यात, असं सगळं त्यात आहे. पण सुरुवातीलाच नियम असा दिला आहे की घर, शेत, बांध यांचे वाद शेजाऱ्यांच्या साक्षीवर ठरवावेत. तिथे शेजाऱ्यासाठी वापरलेला शब्द आहे "सामंत". पुढे हा शब्द सरदार-मांडलिकांना लागला आणि कुणाचं आडनाव झाला. इथे त्याचा अर्थ एवढाच, की ज्याची हद्द आपल्या हद्दीला लागते तो. आणि इतके बारीक नियम दिल्यावर ग्रंथ हेही सांगतो की घरमालकांनी एकत्र बसून आपसांत हवं तसं ठरवलं तरी चालेल, फक्त अपाय टाळावा. म्हणजे आपसांत काही ठरलं नाही, तरच नियम पुढे येणार.

गावठाणात भिंती चालतातही. ज्ञानेश्वरांनी चांगदेवाला भेटायला भिंत चालवली, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. आमच्याकडच्या भिंती चमत्काराशिवाय चालतात. दर दुरुस्तीला थोडा गिलावा, दर पोताऱ्याला थोडा थर, पडलेला कोपरा पुन्हा रचताना चार बोटं पलीकडे. शेतात बांध कोरतात तसंच हे. तीन पिढ्यांनी मूळ रेघ कुठे होती हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, आणि दोघांनाही मनापासून वाटत असतं की आपलंच गेलं.

दोन पदरांची भिंत

आता त्या "अर्धी माझी" कडे येऊ. आमच्या भागातली जुनी भिंत कशी बांधलेली असते, ते पाहिलं की उत्तराचा मोठा भाग तिथेच मिळतो. भिंतीला दगडाचे दोन पदर असतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. मधे मातीची आणि बारीक दगडगोट्यांची भर. पदर एकमेकांच्या आधाराने उभे असतात आणि मधली भर दोघांच्या दाबाने जागेवर राहते. एक पदर काढला तर अर्धी भिंत उरत नाही. भर सांडते, दुसऱ्या पदराला पाठ राहत नाही, आणि पावसाळ्यात पाणी आत मुरलं की तो फुगून खाली येतो. वर त्याच भिंतीवर टेकलेल्या तुळया असतील तर माळवदही येतं.

मराठवाड्याने याची फार मोठी किंमत मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. जड मातीची माळवदं आणि रुंद दगडी भिंती माणसांच्या अंगावर आल्या. नंतर अभियंत्यांनी पाहिलं ते असं की अनेक भिंतींचे दोन पदर एकमेकांपासून सुटून वेगळे झाले होते, कारण त्यांना जोडणारं मधे काही नव्हतं. उरलेल्या जुन्या घरांसाठी त्यांनी सुचवलेल्या उपायांत एक अगदी साधा होता. ठरावीक अंतरावर भिंतीत असा लांब दगड घालायचा, जो एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार जाईल आणि दोन्ही पदरांना बांधून ठेवील.

असा आरपार दगड सामाईक भिंतीत असेल तर तो कुणाचा? त्याचं एक टोक माझ्या घरात, दुसरं तुमच्या. तो मधोमध कापून अर्धा अर्धा घेतला तर दोघांकडे दगड येतो, पण त्याचं काम संपतं. नानांच्या मुलाची चूक इथे होती. मालकी अर्धी असू शकते. भिंतीचं काम अर्धं असू शकत नाही. काही गोष्टी वाटून घेता येतात, काही फक्त मिळून वापरता येतात. विहीर, पाणंद, भिंत या दुसऱ्या प्रकारातल्या. त्यांत "माझा हिस्सा" म्हणजे वेगळा काढून नेता येईल असा तुकडा नसतो. आपल्याला विचारल्याशिवाय काही होऊ नये, हा हक्क आणि खर्चात आपलाही वाटा, ही जबाबदारी, असा तो हिस्सा असतो.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. ईझमेंट अ‍ॅक्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १८८२ च्या कायद्यात शेजारच्या बांधकामाच्या आधाराचा हक्क सांगितला आहे. वीस वर्षं शांतपणे, खंड न पडता आधार मिळत आला असेल तर तो हक्क होतो. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेने तर गृहीतच धरलं की दोन घरांमधली भिंत उलट पुरावा नसेल तर सामाईक समजावी आणि दुरुस्तीचा खर्च हक्काच्या प्रमाणात वाटावा. त्यात एक गमतीचं कलम आहे. दुरुस्तीचा खर्च द्यायचा नसेल तर भिंतीवरचा हक्क सोडून द्या, मग खर्चातून सुटाल. पण तुमचं घर त्या भिंतीवर टेकलेलं असेल तर ही सुटका नाही. ज्याचं ओझं भिंतीवर आहे, त्याला "मला नको ती भिंत" असं म्हणता येत नाही.

गाव सोडून शहरात गेलेल्या आपल्यासारख्यांना हे कलम थोडं टोचायला हवं. घर बंद आहे, वर्षातून एकदा जत्रेला उघडतं, मग गळक्या भिंतीला पैसे का द्यायचे, असं आपण फोनवर म्हणतो. पण आपलं बंद घर त्या भिंतीवर टेकलेलंच असतं. आपण तिथे राहत नसलो तरी आपलं वजन तिथेच आहे.

धूर कुणाचा?

आमच्या भांडणात दुसरा मुद्दा नंतर निघाला, धुराचा. जुन्या माळवदाला धूर आणि उजेडासाठी छतात भोक ठेवतात, कुणी त्याला साणं म्हणतं, कुणी सवणं. आमच्या चुलीचा धूर तिथून निघून वर जायचा. नानांचं घरही तेवढ्याच उंचीचं होतं, त्यामुळे कुणाला त्रास नव्हता. आता त्यांच्या नकाशात वरचा मजला होता आणि त्याची खिडकी बरोबर आमच्या साण्याच्या बाजूला. गॅस आमच्याकडेही आहे, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच होतं. नानांचा मुलगा म्हणाला, तुमचा धूर माझ्या खोलीत येणार. वडील म्हणाले, धूर पन्नास वर्षं तिथेच आहे, खिडकी तू आता आणतोयस.

नेमका असाच खटला लंडनमध्ये १८७९ साली चालला होता, ब्रायंट विरुद्ध लेफेव्हर. दोन शेजारची घरं साधारण सारख्या उंचीची. १८७६ साली एका शेजाऱ्याने घर नव्याने बांधताना भिंत उंच केली आणि छपरावर लाकडं रचली. दुसऱ्याच्या धुराड्यांची हवा अडली आणि शेकोटी पेटवली की धूर उलटा खोलीत यायला लागला. ज्यूरीने त्याला चाळीस पौंड भरपाई दिली. वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. न्यायाधीशांचं म्हणणं असं की शेजाऱ्याची भिंत आणि लाकडं निरुपद्रवी आहेत, धूर तर तुम्हीच करता. शेकोटी पेटवू नका, किंवा धुराडं उंच करा.

१९६० साली रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने एका निबंधात हा खटला पुन्हा उकरून काढला. त्याला १९९१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. कोस म्हणतो, धुराला कारण कोण, या प्रश्नाला एक नाव देताच येत नाही. शेकोटी नसती तर धूर नसता. भिंत नसती तरीही खोलीत धूर नसता. त्रास दोघांनी मिळून केला आहे. एकाला थांबवलं तर दुसऱ्याचं नुकसान टळतं, पण थांबवलेल्याचं नुकसान होतंच. म्हणून "दोषी कोण" याच्याआधी "कमीत कमी नुकसानीत हे कसं सुटेल" असं विचारावं. दोघांना आपसांत बोलणं सहज परवडत असेल, तर हक्क कुणाकडेही असला तरी ते असा मार्ग काढतील.

हे वाचून मला दिलासा मिळाला आणि लगेच गेलाही. दिलासा यासाठी, की वडील आणि नानांचा मुलगा दोघंही खोटं बोलत नव्हते. धूर आमचा होता आणि खिडकी त्यांची होती. गेला तो "बोलणं सहज परवडत असेल" या अटीपाशी. आमच्या दोन दारांमध्ये सहा पावलांचं अंतर होतं. वकील नको होता, स्टँप पेपर नको होता. तरी तीन महिने कुणाला बोलणं परवडलं नाही.

आधी बोलण्याची किंमत

गावात बोलायला पैसे लागत नाहीत. आधी बोलायला मात्र फार लागतं. जो आधी जाईल त्याची गरज जास्त, जो नमेल त्याचा दावा लंगडा, असा हिशोब दोन्ही घरांत न बोलता चालू असतो. चार लोक पारावर बघत असतात. "शेवटी आलाच ना दारात" हे वाक्य कुणीही उच्चारलेलं नसतं, तरी दोघांनाही ऐकू येत असतं.

वडिलांना मी एकदा विचारलं, नेमका राग कशाचा आहे? दगडांचा, धुळीचा, की जागेचा? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विचारलं असतं तर मीच मजूर दिले असते."

शेजाऱ्यांच्या बहुतेक भांडणांचं मूळ मला या वाक्यात दिसतं. तक्रार नुकसानीची असते आणि जखम न विचारल्याची असते. न विचारणं म्हणजे समोरच्याला तू इथे नाहीसच असं सांगणं. भिंतीच्या पलीकडे माणूस आहे, त्याची चूल आहे, त्याची तुळई आहे, हे विसरलं जातं. म्हणून भरपाई दिली तरी असं भांडण मिटत नाही.

मग आधी कुणी बोलायचं? दोघांनी समजून घ्यावं, असं म्हणणं सोपं आहे आणि त्याचा उपयोग शून्य आहे. मला दोन नियम पटतात.

पहिला, ज्याच्या हातात पहार आहे त्याने आधी विचारायचं. काम काढणाऱ्याकडे वेळ असतो, योजना असते, पैशाची तयारी असते. समोरच्याला ते माती पातेल्यात पडल्यावरच कळतं. तो फक्त प्रतिक्रिया देऊ शकतो, आणि प्रतिक्रिया नेहमी भांडखोर दिसते. ज्याला माहिती जास्त, ज्याची हालचाल आधी, त्याच्यावर बोलण्याची जबाबदारी. यात वय, मान, जुना राग काहीच येत नाही.

दुसरा, ज्याला तडा आधी दिसला त्याने आधी सांगायचं. आजच्या इराकमधल्या एश्नुन्ना नावाच्या राज्याचे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे कायदे मातीच्या पाट्यांवर सापडले आहेत. त्यांत एक कलम असं आहे, की भिंत पडायला आली आहे आणि वस्तीच्या अधिकाऱ्यांनी मालकाला तसं कळवलं आहे, तरी त्याने ती सावरली नाही आणि ती पडून माणूस मेला, तर तो प्राणदंडाच्या पातळीचा गुन्हा. शिक्षा आज अघोरी वाटते, पण त्यातला एक धागा पक्का आहे. कळवण्याआधी भिंत पडणं ही आपत्ती होती. कळवल्यावर तोच अपराध झाला. भिंत तीच, तडा तोच. मधे फक्त एक वाक्य बोललं गेलं आणि जबाबदारीचा पत्ता बदलला. सांगण्यात एवढी ताकद असते, आणि म्हणूनच आपण सांगायचं टाळतो. "मला काय माहीत" ही सोय आपल्याला समोरच्याकडून काढून घ्यायची असते, पण स्वतःची सोडायची नसते.

समजुतीचा भार कुणावर

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. "बोलून मिटवा" हे आपल्याकडे बहुतेक वेळा दुबळ्यालाच सांगितलं जातं. शेजारी सरपंचाच्या घरचा असेल, किंवा तुम्ही भाडेकरू असाल, एकट्या बाई असाल, तर शेजारधर्म म्हणजे गप्प बसणं असा अर्थ निघतो. भिंत दोघांची, पण समजूतदारपणा एकाचाच.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सामाईक भिंत सगळ्यांच्या वाट्याला येतच नाही. आपली जुनी गावं आळ्या-वाड्यांनी बनली आहेत. भिंतीला भिंत लागते ती बहुधा भावकीची किंवा जातीच्या जवळची. काही वस्त्या वेशीबाहेरच ठेवल्या गेल्या, तिथे दोन घरांमधल्या भिंतीचा प्रश्नच येऊ दिला नाही. आणि काही भिंती तर दूर ठेवण्यासाठीच बांधल्या जातात. तमिळनाडूतल्या उथापुरममध्ये दलित वस्ती वेगळी पाडणारी भिंत जवळपास दोन दशकं उभी होती, २००८ च्या मे महिन्यात प्रशासनाने तिचा एक भाग पाडला. अशा भिंतीवर "दोघांनी बसून बोला" हा उपाय लागू होत नाही. तिथे न्याय लागतो, तोही बाहेरून.

म्हणून बोलण्याच्या मागे कागद असावा लागतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावी समित्या झाल्या. २०२३ साली संसदेने केलेल्या मध्यस्थी कायद्यात परिसरातल्या वादांसाठी तीन मध्यस्थांच्या मंडळाची तरतूद आहे. त्यातली एक ओळ मला महत्त्वाची वाटते. अशा सामुदायिक मध्यस्थीतून झालेला समझोता दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येत नाही. म्हणजे तो टिकतो तो दोघांच्या शब्दावर. दोघं साधारण बरोबरीचे असतील तर ही त्याची ताकद आहे. बरोबरीचे नसतील तर हीच त्याची पळवाट. दुबळ्या बाजूला कोर्टाचं दार उघडं असेल, तरच समोरचा चहाला बसतो.

मला वाटतं पहारीचा नियम इथेही कामाचा आहे, कारण तो दुबळ्याकडून काही मागत नाही. गावात पहार बहुधा ज्याच्याकडे पैसा आलाय त्याच्या हातात असते. विचारण्याचं ओझं त्याच्यावर टाकलं की समजूतदारपणाची मागणी पहिल्यांदा बरोबर घरी जाते.

फट

आमचं पुढे काय झालं ते सांगतो. गोड शेवट नाही, वाईटही नाही. नाना स्वतः आले. मुलाच्या वतीने माफी वगैरे काही मागितली नाही. आत आले, भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "वर फुगलीय की रे." वडील म्हणाले, "उन्हाळ्यापासून बघतोय." म्हणजे तडा वडिलांनाही आधीच दिसला होता आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. हे मला त्या दिवशी कळलं.

ठरलं असं. जुनी भिंत तशीच ठेवायची. काढलेले चार दगड नाना बसवून देतील. नवे कॉलम त्यांच्या बाजूला आत घ्यायचे, आणि पाया खणताना आमच्या तुळयांना टेकू द्यायचा. आम्ही चुलीला पत्र्याचं धुराडं लावून धूर पूर्वेकडे काढायचा. सगळं एका वहीच्या पानावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, मी मोबाइलवर फोटो काढला आणि दोन्ही घरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला.

घर झालं. वरच्या खिडकीत धूर येत नाही. पण नव्या आणि जुन्या भिंतीमध्ये आता वीतभर फट आहे. पहिल्या पावसाळ्यात पाणी त्या फटीत उतरलं आणि दोन्हीकडे ओल आली. पूर्वी भिंत सामाईक होती, आता फट सामाईक आहे.

किल्लारीनंतर वसवलेल्या गावांबद्दल असंच काहीसं ऐकायला-वाचायला मिळतं. सुरक्षित घरं, सुटे प्लॉट, रुंद रस्ते. आणि तिथल्या अनेकांची तक्रार, की घरं फार लांब लांब झाली, शेजार तुटला. भिंती वेगळ्या झाल्या की भिंतीची भांडणं संपतात, हे खरं. पण भिंतीला पाठ टेकून ऊब घेणंही संपतं. मला वेगळ्या भिंती नकोत असं म्हणायचं नाही. जीव वाचवणारी भिंत केव्हाही चांगली. एवढंच, की आपण शेजारी टाळू शकत नाही. मधे भिंत ठेवली तर ती दुरुस्त करावी लागते, फट ठेवली तर तिच्यात पाणी जातं.

या वर्षी मृगाच्या आधी वडिलांनी फटीतल्या ओलीचा फोटो काढला आणि सहा पावलं चालून नानांच्या दारात गेले. मी गावातच होतो. पारावर कोण बसलं होतं, त्यांनी काय म्हटलं असेल, याची त्यांना फिकीर दिसली नाही. फटीवर पत्र्याची पन्हळ बसवायची ठरली. खर्च निम्मा निम्मा. एका बाजूचे खिळे त्यांच्या भिंतीत, दुसऱ्या बाजूचे आमच्या. मिस्त्रीने विचारलं, उतार कुणाच्या बाजूला देऊ?

त्यावर अजून बोलणं चालू आहे.